हिऱ्याची चकती: निवड आणि वापर यांविषयी माहिती

फरशी कापण्याच्या चकतीत खरोखरच हिरा असतो का, असे आमचे ग्राहक नेहमी विचारतात. असतो, पण तो कारखान्यात प्रचंड दाब व उष्णता देऊन तयार केलेला, वाळूच्या कणाएवढा असतो, त्यामुळे झिजलेल्या चकतीतून हिरे काढून विकण्याचा विचार कोणी करू नये.

हिरा म्हणजे कार्बन. त्यातील प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी घट्ट बांधलेला असल्यामुळे मोह्सच्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याला १० हा सर्वोच्च क्रमांक आहे. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्‌झचा क्रमांक ७, तर शहाबादी व कोटा या चुनखडीच्या फरश्यांतील कॅल्साइटचा अवघा ३ आहे. तरीही घाव बसल्यास हिरा ठरावीक पातळ्यांवर दुभंगतो, म्हणून फिरती चकती दगडावर आपटू नये.

चकतीच्या दातांमध्ये हे कण धातूच्या भुकटीत भाजून बसवलेले असतात. कापताना धातू हळूहळू झिजतो, बोथट कण गळून पडतात आणि आतले धारदार कण उघडे होतात. निवडीत गफलत होते ती येथेच. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाला मऊ धातूची चकती लागते, कारण कठीण धातू त्यावर पुरेसा झिजत नाही आणि चकती गुळगुळीत होऊन नुसती तापते. उलट वालुकाश्म किंवा ताजे काँक्रीट धातूला भराभर खाते, म्हणून तेथे कठीण धातूची चकती घ्यावी. गुळगुळीत झालेली चकती लगेच टाकून देऊ नये. वालुकाश्माच्या तुकड्यावर दोन-चार काप घेतले की बहुधा तिला पुन्हा धार येते.

हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो, पण फार तापल्यास हवेत जळतोही, आणि तापलेल्या लोखंडात त्याचा कार्बन मुरू लागतो. त्यामुळे सळया किंवा पोलादी पाइप कापण्यासाठी ही चकती वापरू नये. ओल्या कामासाठी बनवलेल्या यंत्रावर पाणी सतत चालू ठेवावे. त्याने चकती थंड राहते आणि फुफ्फुसांना घातक असलेली सिलिकाची धूळही बसते.

खरेदीला येताना दगडाचा तुकडा सोबत आणावा, कारण बाजारात ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे काही काळे दगड मुळात ग्रॅनाइट नसतात आणि निव्वळ नावावरून चकती देणे आम्ही टाळतो.