श्वसनाचे चेता-नियंत्रण

हृदयाला स्वतःचा ठोका असतो, फुप्फुसांना स्वतःची लय नसते. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचे आहेत. मेंदूकडून आवेग आल्याशिवाय ते हलत नाहीत. प्रौढ माणूस स्वस्थ असताना हा आवेग मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा सुटतो. श्वास घ्यायला सुमारे २ सेकंद लागतात, सोडायला ३. शांतपणे श्वास सोडण्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही. आवेग थांबला की ताणलेली फुप्फुसे आपोआप आक्रसतात.

ही लय लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी मेरुरज्जूला जोडलेल्या भागात, तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ लगालवा यांनी सशांच्या मेंदूचे टप्प्याटप्प्याने छेद घेऊन ही जागा बरीच नेमकी केली. लय देणारा चेतापेशींचा छोटा पुंजका, प्री-बॉट्झिंगर समूह, मात्र १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन व सहकाऱ्यांनी दाखवला. नवजात उंदराच्या लंबमज्जेची पातळ चकती काचपात्रात ठेवली, तरी तिच्यातून श्वासाच्या लयीतले आवेग निघत राहिले. लंबमज्जेच्या वरचा सेतू हा भाग श्वास कुठे तोडायचा ते ठरवतो. फुप्फुसे जास्त फुगली की त्यांच्यातले ताणग्राही, म्हणजे ताण टिपणारी चेतांची टोके, मेंदूला छाती-पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत ‘पुरे’ असा निरोप देतात. हेरिंग व ब्रॉयर यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया १८६८ मध्ये वर्णिली. प्रौढांच्या रोजच्या अर्ध्या लिटरच्या श्वासात तिला फारसे काम नसते, तान्ह्या बाळांत ती जास्त प्रभावी असते.

श्वास किती घ्यायचा हे ऑक्सिजनवर ठरते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात रोजचा कारभार कार्बन डायऑक्साइडवर चालतो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा असतो. हा वायू रक्तातून मेंदूत सहज शिरतो, तिथे आम्लता वाढवतो आणि लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळचे रसायनग्राही ती टिपतात. दाब १ मिमीने वाढला तरी मिनिटाला दोन-तीन लिटर जादा हवा आत घेतली जाते. विश्रांतीत एकूण हवाच सुमारे ६ लिटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रणेची धार कळते. ऑक्सिजनची राखण मुख्यतः मानेतल्या मोठ्या धमन्यांवरच्या छोट्या कॅरोटिड पिंडांकडे आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिमीच्या खाली उतरेपर्यंत ती फारशी ओरड करत नाहीत. या ग्राहींच्या कामाबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले.

याच रचनेमुळे पाण्याखाली जीव जातो. बुडी मारण्याआधी कोणी भराभर खोल श्वास घेतले, तर ऑक्सिजनचा साठा जवळपास तेवढाच राहतो, कार्बन डायऑक्साइड मात्र घसरतो. श्वास घ्यावासा वाटण्याआधीच ऑक्सिजन इतका उतरतो की पोहणारा न धडपडता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही यातून सुटत नाहीत, कारण प्रश्न दमाचा नसून इशाऱ्याचा आहे.

बोलणे, गाणे, कुंभक यांसाठी मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, वेगळी वाट थेट मेरुरज्जूत उतरते. म्हणून दोन्ही वाटा स्वतंत्रपणे बिघडू शकतात. पीएचओएक्स२बी जनुकातील दोषाने होणाऱ्या जन्मजात विकारात मूल जागेपणी बऱ्यापैकी श्वास घेते, पण झोपले की श्वसन अपुरे पडते आणि त्याला रोज रात्री व्हेंटिलेटर लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत यंत्रणा कच्ची असल्याने श्वास २० सेकंदांहून अधिक थांबू शकतो. त्यासाठी कॅफीन सायट्रेट देतात.

मेंदूखालची वायरिंगही नेमकी आहे. श्वासपटलाची चेता मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मेरुचेतांपासून बनते. मेरुरज्जू तिच्या वर तुटला तर श्वास थांबतो. मानेच्या खालच्या भागात तुटला तर श्वासपटल चालते, पण बरगड्यांचे व पोटाचे स्नायू लुळे पडून खोकला दुबळा होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो.

मॉर्फीनसारखी अफूजन्य औषधे लंबमज्जेची लयच मंदावतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मिनिटाला चार-सहावर येतो. नॅलोक्सोन या उताऱ्याने तो परततो, पण त्याचा असर अनेकदा मूळ औषधाआधी ओसरतो. रुग्ण शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी सोडणे धोक्याचे.

मण्यार सापाच्या दंशात मेंदू शाबूत असतो. विष चेतांच्या टोकांवर घाव घालते आणि आज्ञा स्नायूपर्यंत पोचत नाही. दंशाची जागा बहुधा ना सुजते ना दुखते. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास उथळ होतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा उशिरा पडतो, त्यामुळे एका दमात किती आकडे मोजता येतात आणि मान उचलता येते का, हे पुन्हा पुन्हा तपासणे अधिक उपयोगी. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन हे चेतेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणारे औषध बऱ्याचदा कामी येते, मण्याराच्या दंशात फारसे नाही, कारण तिथे चेतांची टोकेच निकामी झालेली असतात. प्रतिविष दिले तरी ती सावरायला दिवस, कधी आठवडे जातात. तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. अशा रुग्णाच्या बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत, म्हणून त्याला मेंदूमृत समजण्याची चूक होऊ शकते. तो पूर्ण शुद्धीवर असून सगळे ऐकत असू शकतो.