परिरक्षकांची लेबलवरील नोंद : ‘दुसऱ्या वर्गा’पासून नेमक्या नावापर्यंत

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांपासून बेदाणा, सिरप आणि वाइन तयार करणारे उद्योग आहेत, तसेच लोणची, जॅम आणि सरबते विकणारे महिला बचत गटही आहेत. लेबल छापून घेताना यांपैकी बहुतेकांना अडवणारी ओळ परिरक्षकांची, म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांची असते. त्या ओळीविषयीचा आजचा नियम कोणत्या नियमाच्या जागी आला हे कळल्याशिवाय त्याचे कारण उमगत नाही.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 मध्ये झाला आणि 1955 च्या नियमांनी परिरक्षकांचे दोन वर्ग पाडले. मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध आणि खाद्यतेल पहिल्या वर्गात आले. त्यांच्या वापरावर सर्वसाधारणपणे बंधन नव्हते. बेंझॉइक आम्ल, सल्फर डायऑक्साइड, सॉर्बिक आम्ल, नायट्राइट आणि त्यांचे क्षार यांना दुसऱ्या वर्गात ठेवून कोणत्या पदार्थात किती प्रमाण चालेल याचा तक्ता देण्यात आला. उदाहरणार्थ, फळांच्या स्क्वॅशमध्ये दहा लाख भागांत सल्फर डायऑक्साइड 350 भाग किंवा बेंझॉइक आम्ल 600 भाग, अशी कमाल मर्यादा होती. फळप्रक्रिया उद्योगासाठी 1955 मध्येच फळ उत्पादन आदेशही निघाला.

ही वर्गवारी नियंत्रणासाठी सोयीची होती. लेबलवर मात्र ती अपुरी पडली. बाटलीवर ‘परवानगी असलेले दुसऱ्या वर्गातील परिरक्षक आहे’ एवढे वाक्य छापण्याची रीत रूढ झाली. सल्फर डायऑक्साइडमुळे फळाचा रंग फिका पडतो, म्हणून लिंबू-संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (प्रशिक्षणवर्गात ज्याला ‘केएमएस’ म्हणतात ते) आणि काळ्या द्राक्षांसारख्या गडद रंगाच्या सिरपमध्ये सोडियम बेंझोएट वापरण्याची पद्धत आहे. गुणधर्म इतके वेगळे असलेल्या या दोन द्रव्यांसाठी लेबलवर वाक्य मात्र एकच असे. दम्याच्या ज्या रुग्णांना सल्फाइट (सल्फर डायऑक्साइड आणि केएमएससारखे त्याचे क्षार) सोसत नाही, त्यांना त्या वाक्यातून काहीच समजत नव्हते, आणि माझ्या मते जुन्या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष हाच होता.

हा धोका 1980 च्या दशकात अमेरिकेत ठळकपणे पुढे आला. सल्फाइट लावलेल्या सॅलडमुळे दम्याच्या रुग्णांचे मृत्यू झाल्याचे आढळल्यावर 1986 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या ताज्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरण्यास मनाई केली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाने 1989 मध्ये अन्नपूरकांसाठी, म्हणजे परिरक्षकांसारख्या अन्नात मुद्दाम घातल्या जाणाऱ्या द्रव्यांसाठी, आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती (आयएनएस) स्वीकारली. तिच्यात सोडियम बेंझोएटला 211, पोटॅशियम मेटाबायसल्फाइटला 224 आणि पोटॅशियम सॉर्बेटला 202 हे क्रमांक आहेत.

भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये झाला आणि त्याखालील विनियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. लेबलवर द्रव्याचे नाव किंवा क्रमांक देणे त्यांनी आवश्यक केले. मात्र पदार्थमानकांच्या विनियमांत दोन वर्गांची भाषा कायम राहिल्याने जुने वाक्यही अनेक लेबलांवर टिकून राहिले. 2020 च्या लेबलविषयक विनियमांनुसार घटकांच्या यादीत आधी कार्यवर्ग (द्रव्य कोणत्या कामासाठी घातले आहे तो प्रकार) आणि त्यासोबत नाव किंवा क्रमांक द्यायचा असतो, म्हणजे ‘परिरक्षक (आयएनएस 211)’ असे लिहायचे. सल्फाइटचे प्रमाण किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास ‘सल्फाइट आहे’ ही सूचना वेगळी द्यावी लागते. वाइनसह सर्व मद्यपेयांसाठी 2018 मध्ये स्वतंत्र विनियम झाले आणि ते 1 एप्रिल 2019 पासून अमलात आले.

नाशिकमधील छोट्या उत्पादकाची खरी अडचण याच्याही पुढची आहे. सोनेरी रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी दिलेला बेदाणा चिवड्यात किंवा केकमध्ये घातला, तर उत्पादकाने स्वतः एकही परिरक्षक वापरलेले नसताना सल्फाइट पदार्थात येते. कच्च्या मालातून आलेले आणि तयार पदार्थात काही कार्य न करणारे अन्नपूरक यादीत न लिहिण्याची सवलत कोडेक्सच्या मानकात आहे, पण 10 मिलिग्रॅमची मर्यादा गाठणाऱ्या सल्फाइटला ती लागू होत नाही. त्यामुळे बेदाणा विकत घेतानाच पुरवठादाराकडून सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणाचा चाचणी अहवाल घेणे आणि आपल्या पाककृतीत बेदाण्याचा वाटा किती आहे त्यावरून तयार पदार्थातील प्रमाण काढणे, हे काम लेबल छापायला देण्यापूर्वी करावे लागते.