मोबाइलवर दोन तास बसतो, मग गृहपाठालाच काय होतं?

"मोबाइल दिला की दोन तास जागचा हलत नाही, आणि गणितं सोडवायला बसवलं की पाचव्या मिनिटाला पाणी प्यायला उठतो. हा कसला आजार? लाड झालेत!" एडीएचडीचं, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असं निदान झालेल्या मुलाच्या घरी हे कुणी ना कुणी म्हणतंच. आजोबा म्हणतात, मामा म्हणतो, कधी वर्गशिक्षिकाही म्हणतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण या मुलांमध्ये नेमकी हीच तफावत फार दिसते, आणि तिचं कारण शोधायला डोपामिन या मेंदूतल्या रसायनापर्यंत जावं लागतं.

डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे. त्याने फार गैरसमज होतो. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन-पेशींचे विद्युतसंकेत मोजले. फळाचा रस अवचित मिळाला की पेशी जोरात संकेत देत. मग रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात झाली. सरावानंतर तो संकेत रसाच्या क्षणावरून मागे सरकला आणि खुणेच्या क्षणी उमटू लागला. आता रस मिळाला तरी पेशींमध्ये विशेष हालचाल नसे. आणि खूण दिसूनही रस आलाच नाही, तर तो यायला हवा होता त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे संकेतही मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा असा चोख हिशेब मेंदू ठेवतो.

मला यातलं ते मागे सरकणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गृहपाठाचं फळ उद्या मिळणार, किंवा परीक्षेनंतर. त्याची ओढ आत्ता वाटायची तर संकेत वही उघडण्याच्या क्षणापर्यंत मागे यायला हवा. एडीएचडीमध्ये तो पुरेसा मागे येत नाही, अशी मांडणी गेल ट्रिप आणि जेफ विकेन्स या संशोधकांनी केली. ती अजून सिद्धांताच्याच पातळीवर आहे. पण ही मुलं उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा लगेच मिळणारं छोटं बक्षीस जास्त वेळा निवडतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. मोबाइलवरचा खेळ दर काही सेकंदांनी गुण देतो, आवाज देतो, नवी पातळी उघडतो. तिथे वाट बघावीच लागत नाही.

शिवाय मेंदूच्या वाढीचा वेगही वेगळा असतो. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या वयात कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साधारण साडेदहाव्या वर्षी. सर्वात जास्त उशीर आवर घालणाऱ्या आणि नियोजन करणाऱ्या पुढच्या भागात होता.

म्हणून 'वर्षअखेरीस पहिला आलास तर सायकल' हे आमिष इथे लागू पडत नाही. एक गणित द्या, लगेच तपासा, लगेच शाबासकी द्या, मग दुसरं. रागवायचंच असेल तर तेही त्याच क्षणी, थोडक्यात. संध्याकाळी बाबा आल्यावर होणाऱ्या चौकशीचा उपयोग नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर पालकांचं असं प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानतात. मोठ्या मुलांना डॉक्टर मेथिलफेनिडेट हे औषध देऊ शकतात. पेशींनी सोडलेलं डोपामिन परत ओढून घेणारे वाहक हे औषध अडवतं, त्यामुळे संकेत जास्त वेळ टिकतो.

दृष्ट काढून, ताईत बांधून यातलं काहीही बदलत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग तर सरळ फसवणूक आहेत. मुलं नाकालगतच्या फटीतून बघतात, आणि पालक हजारो रुपये भरतात.

निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर करतात. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी असावी लागतात. अडचण फक्त शाळेतच येत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासावेत, अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी.