बुलेटचं वजन निवडताना एसडी आणि बीसीची गल्लत

शिकारीच्या रायफलमध्ये १५० ग्रेन वापरू का १८० ग्रेन, असं कुणी विचारलं की एकजण सांगतो जड घे, बीसी जास्त मिळतो, आणि दुसरा सांगतो जड घे, आत खोल जाते. विचारणाऱ्याला वाटतं दोघं एकच सांगतायत. पण तसं नाहीये. पहिला बोलतोय बॅलिस्टिक कोएफिशंटबद्दल (बीसी), म्हणजे बुलेट हवेतून कशी जाते त्याबद्दल, आणि दुसरा बोलतोय सेक्शनल डेन्सिटीबद्दल (एसडी), म्हणजे जनावराला लागल्यावर पुढे काय होतं त्याबद्दल. एकाच कॅलिबरमध्ये, म्हणजे बुलेटची जाडी तीच ठेवून, वजन वाढवलं की बहुतेक वेळा हे दोन्ही आकडे सोबतच वाढतात, आणि सगळी गल्लत इथूनच सुरू होते.

आधी ग्रेनचं एकदा क्लिअर करू. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे १८० ग्रेन साधारण ११.७ ग्रॅम. पेटीवर लिहिलेलं हे वजन फक्त पुढच्या बुलेटचं असतं, अख्ख्या काडतुसाचं नाही आणि आतल्या पावडरचं तर अजिबातच नाही. पावडरसुद्धा ग्रेनमध्येच मोजतात म्हणून नवीन लोक इथे चुकतात, आणि घरी काडतूस भरणाऱ्यासाठी ही चूक जिवावर बेतू शकते.

आता एसडी. बुलेटचं वजन पौंडात घ्यायचं आणि त्याला व्यासाच्या इंचातल्या वर्गाने भागायचं, संपलं. टोक कसं आहे, मागचा भाग निमुळता आहे का, कशाने बनलीय, यातलं काहीच त्यात येत नाही. .३०८ इंच व्यासाची १५० ग्रेन बुलेट घेतली तर एसडी ०.२२६ येते, १८० ची ०.२७१ आणि २२० ची ०.३३१. पण वेगवेगळ्या कॅलिबरच्या बुलेट शेजारी ठेवल्या की खरी गंमत दिसते. ४५-७० या जाड काडतुसाची ४०५ ग्रेनची बुलेट हातात घेतली तर केवढी जड लागते, तिची एसडी ०.२७६, म्हणजे .३०८ च्या १८० ग्रेनपेक्षा नावाला जास्त, वजन मात्र दुपटीहून अधिक. आणि ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची बुलेट या दोघींपेक्षा हलकी असूनही तिची एसडी ०.२८७! म्हणून नुसतं वजन सांगून काही कळत नाही, ते वजन किती रुंद तोंडामागे उभं आहे हे बघावं लागतं. जाड बोथट खुंटी आणि दाभण, सारख्या जोराने दाबल्यावर कोण आत शिरणार, तसंच हे.

बीसी काढताना याच एसडीला फॉर्म फॅक्टरने भागतात, आणि फॉर्म फॅक्टर म्हणजे बुलेटच्या आकाराला हवा किती अडवते त्याचा आकडा. म्हणजे एसडी ही बीसीच्या पोटात आहेच, पण आकार बदलला की बीसी बदलतो, एसडी तिथेच राहते. .३०८ मध्येच १८० ग्रेनची गोल टोकाची बुलेट घ्या आणि १८० ग्रेनचीच टोकदार, मागे निमुळती बोट-टेल बुलेट घ्या. एसडी दोघींची ०.२७१. बीसी मात्र गोल टोकाचा ०.२५ च्या आसपास आणि बोट-टेलचा ०.४५ ते ०.५०, म्हणजे जवळपास दुप्पट. (हे आकडे जी१ मापातले आहेत, काही कंपन्या जी७ देतात आणि तो आकडा दिसायला बराच छोटा असतो, तेव्हा एकाचा जी१ आणि दुसऱ्याचा जी७ अशी तुलना करू नका.)

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला सगळ्यात जास्त पटलं ते वॉल्टर बेलच्या उदाहरणावरून. या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे ७x५७ सारख्या छोट्या रायफलने. त्याची बुलेट होती साधारण १७५ ग्रेनची, गोल टोकाची, न फुलणारी सॉलिड. बीसी बघितला तर आजच्या मानाने अगदीच कमी, पण एसडी ०.३१०, आणि हत्तीच्या कवटीतून सरळ जायला तीच लागते. अर्थात त्याला हत्तीची शरीररचना पाठ होती आणि नेम जबरदस्त होता, ते सोडून नुसती रायफल बघून कुणी नक्कल करू नये.

एसडीबद्दल एक गोष्ट मात्र फार कमी लोक सांगतात. पेटीवरचा किंवा टेबलमधला आकडा लागण्याआधीचा असतो. फुलणारी बुलेट लागली की मशरूमसारखी पसरते, समजा १८० ग्रेनची बुलेट ०.६ इंच रुंद झाली आणि वजन अजिबात घटलं नाही असं धरलं, तरी एसडी ०.२७१ वरून ०.०७१ वर येते. त्यात ती फुटून अर्धं वजन गेलं तर उरलं काय? म्हणून बांधणी वजनाइतकीच महत्त्वाची, माझ्या मते तर जास्तच. जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला, जवळून वेगात मारलेल्या बुलेट आत शिरण्याऐवजी फुटल्या, आणि त्यातून त्याने मधे भिंत असलेली पार्टिशन बुलेट बनवली जी १९४८ मध्ये विक्रीला आली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. पूर्ण तांब्याच्या बुलेट बहुतेक सगळं वजन टिकवतात म्हणून त्यात एक पायरी हलकी घेतली तरी चालतं, १८० च्या जागी १६५ किंवा १५०.

मग बीसी बिनकामाचा आहे का, तर नाही. अंतर वाढलं की आडवा वारा बुलेटला किती ढकलतो आणि लागताना वेग किती उरतो हे तोच ठरवतो. बऱ्याचशा शिशाच्या बुलेट नीट फुलायला साधारण १८०० फूट प्रति सेकंद वेग लागतो, तेव्हा ४०० मीटरवर बीसी कमी असलेली बुलेट पेन्सिलसारखं भोक पाडून निघून जाईल आणि जनावर जखमी होऊन हाल होत मरेल. पण १०० मीटरवर? तिथे वर सांगितलेल्या दोन १८० ग्रेनच्या बुलेटच्या घसरणीतला फरक सेंटिमीटरभरही नसतो. ज्याची शिकार झाडीत दीडशे मीटरच्या आत होते त्याने बीसीच्या मागे लागून बुलेट निवडणं मला चुकीचंच वाटतं.

३०-०६ या .३०८ व्यासाच्याच काडतुसामध्ये १५० ग्रेन साधारण २९०० फूट प्रति सेकंदाने निघते आणि १८० साधारण २७०० ने, ऊर्जा दोघींची २८०० ते २९०० फूट-पौंडात, म्हणजे तिथे निवडण्यासारखं काही नाही. हरणाच्या आकाराच्या जनावराला १५० भरपूर आहे, खांद्याला धक्काही कमी बसतो आणि धक्का कमी तर नेम चांगला. एल्क, मूस असं मोठं हाड असेल तर ०.२७ च्या वरची एसडी, म्हणजे १८०. अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावरांसाठी जुने शिकारी ०.३०० च्या खाली जात नाहीत, ३७५ एच अँड एच या काडतुसाची ३०० ग्रेन ०.३०५ वर बसते ती त्यामुळेच.

आणि घ्यायच्या आधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ, बघा, कारण लांब बुलेटला जास्त फिरकी लागते आणि जड म्हणजे सहसा लांब, तांब्याची तर त्याच वजनात अजून लांब. १९५५ ची .२४४ रेमिंग्टन १२ इंचात एक फेरा अशा ट्विस्टने आली, ७५ आणि ९० ग्रेन छान चालायची पण १०० ग्रेनच्या टोकदार बुलेट भरवशाने स्थिर राहायच्या नाहीत. त्याच वर्षीची .२४३ विंचेस्टर १० इंचाच्या ट्विस्टने १०० ग्रेन आरामात चालवायची आणि हरणाच्या शिकाऱ्यांनी तीच उचलली. रेमिंग्टनने पुढे ट्विस्ट ९ इंचाचा केला आणि तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन नावाने परत आणलं, पण तोपर्यंत लोक .२४३ कडे गेलेले होते.