आवाज नेमका कशाने गेला? शनाया ट्वेनच्या पुनरागमनाची पार्श्वभूमी

कॅनडाची कंट्री गायिका शनाया ट्वेन हिची गोष्ट हल्ली एका दमात सांगून टाकतात. नवऱ्याचं जिवलग मैत्रिणीशी सूत जुळलं, त्या धक्क्याने हिचा आवाज गेला आणि मग जिद्दीच्या जोरावर ती पुन्हा उभी राहिली. (मराठी घरांत ‘शनाया’ म्हटलं की एका मालिकेतली दुसऱ्याचा संसार मोडणारी पोरगी आठवते. इथली शनाया नेमकी उलट्या बाजूला होती.) गोष्ट ऐकायला झकास आहे. फक्त सनावळ्या लावून पाहिल्या की ती जुळत नाही. आवाज बिघडायला लागला तो २००३-०४ च्या दौऱ्याच्या काळात, आणि संसार मोडला २००८ मध्ये. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढा साधा नियमही ही लाडकी कथा पाळत नाही.

तरी ती इतकी पसरली, कारण कंट्री संगीताला, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांना, अशा कथांची जुनी सवय आहे. या संगीताचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स. १९२७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा त्याच्या क्षयाचं निदान होऊन तीन वर्षं उलटली होती. पुढे त्याने क्षयावरच गाणं केलं आणि तेही विकलं गेलं. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो आडवा व्हायचा, दम परतला की पुन्हा माइकपुढे यायचा. शेवटच्या गाण्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. वय ३५. पुढे १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन या कंट्री गायिकेला मोटार अपघातात जबर मार लागला. दोनेक महिन्यांनी ती कुबड्या घेऊन स्टुडिओत आली, पण बरगड्या इतक्या दुखत होत्या की वरचे सूर लागेनात. मग वाद्यमेळ आधी मुद्रित करून तिचं गाणं नंतर वेगळं घ्यावं लागलं. आज तीच चीज तिची ओळख आहे. दुखणं आणि गाणं यांची अशी गाठ नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या या अमेरिकी राजधानीत, पक्की बसलेली आहे. श्रोते ती शोधतात आणि कंपन्या ती विकतात.

ट्वेनने मात्र तिच्या भरात असलेल्या काळात आपलं दुःख विकलं नाही. तिची गाजलेली गाणी चावट, खेळकर, नाचायला लावणारी आहेत. ती ऐकून कुणालाही वाटावं की बाई खात्यापित्या घरची.

जन्म २८ ऑगस्ट १९६५, विंडसर, ऑन्टॅरिओ. नाव एलीन. आईबाप लवकर वेगळे झाले आणि आई मुलींना घेऊन उत्तरेला टिमिन्स या सोन्याच्या खाणींच्या गावी आली. तिथे तिने ओजिब्वे या मूळनिवासी समाजातल्या जेरी ट्वेनशी लग्न केलं. त्याने मुलींना रीतसर दत्तक घेतलं आणि ट्वेन हे आडनाव आलं ते त्याच्याकडून. घरात पैशाची ओढाताण कायमची, आणि त्याहून वाईट म्हणजे मारहाण. शाळेत डबा नसला तरी पोरगी शिक्षकांपुढे तोंड उघडत नसे. कळलं तर सरकारी माणसं येतील आणि भावंडांची ताटातूट करतील, ही धास्ती. हे गप्प राहणं लक्षात ठेवावं. पुढच्या सगळ्या प्रकरणात ते पुन्हा पुन्हा भेटतं.

गाणं हे तिच्यासाठी आधी मजुरी होतं, कला नंतर. आठव्या वर्षापासून ती गावातल्या बारमध्ये गायची. अल्पवयीन मुलीला तिथे उभं करायचं तर दारूची विक्री थांबायला हवी. म्हणून आई तिला मध्यरात्री झोपेतून उठवून न्यायची आणि उरलेले पेले संपवत बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे ही तासभर गायची. मिळतील ते डॉलर घरखर्चाला. मोठी झाल्यावर सावत्र वडिलांच्या वृक्षलागवडीच्या धंद्यात तिने मुकादमी केली. तोडलेल्या जंगलाच्या जागी रोपं लावायची, मुक्काम रानातच, हाताखाली पाऊणशे माणसं. पुढे व्हिडिओत पोट उघडं टाकून नाचते म्हणून नॅशव्हिलच्या सोवळ्या मंडळींनी तिला नाकं मुरडली, तेव्हा ही बाई कुऱ्हाडी-करवतींच्या कामावरून आली आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

१ नोव्हेंबर १९८७ रोजी आई आणि जेरी यांची गाडी वावा गावाच्या उत्तरेला ओंडके वाहणाऱ्या ट्रकवर समोरासमोर आदळली. दोघंही जागीच गेली. एलीन २२ वर्षांची होती आणि पाठची भावंडं अजून शाळकरी वयाची. ती त्यांना घेऊन हंट्सव्हिलला गेली आणि डीअरहर्स्ट या रिसॉर्टच्या रात्रीच्या कार्यक्रमात पोटापाण्यासाठी गाऊ लागली. पिसांचे तुरे, चकचकीत कपडे, तिकीट काढून जेवायला बसलेले पर्यटक. कंट्री गायिकेच्या कारकिर्दीसाठी ही वाट आडरानातली वाटेल, पण रंगमंचावर हजारो लोकांना हाताळायचं कसब तिने इथेच कमावलं असं मला वाटतं. भावंडं हाताशी आल्यावरच तिने नॅशव्हिलचा विचार केला.

नॅशव्हिलने आधी तोंडावर आपटलं. १९९३ मध्ये ‘शनाया’ या नव्या नावाने पहिला अल्बम आला. त्यात तिने स्वतः रचलेलं जेमतेम एक गाणं होतं. अमेरिकेच्या कंट्री अल्बमच्या यादीत तो ६७ व्या क्रमांकाच्या वर चढलाच नाही. कंपनीने हात झटकले असते तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण तो अल्बम एका माणसाच्या कानावर पडला होता. एसी/डीसी आणि डेफ लेपर्डसारख्या रॉक बँडांचा निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. दोघं जूनमध्ये भेटले आणि डिसेंबरअखेर लग्न झालंसुद्धा.

पुढचं यश सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ते भरभर उरकतो. १९९५ चा ‘द वुमन इन मी’, १९९७ चा ‘कम ऑन ओव्हर’ आणि २००२ चा ‘अप!’ हे लागोपाठचे तीन अल्बम अमेरिकेत ‘डायमंड’ ठरले, म्हणजे प्रत्येकी एक कोटीचं प्रमाणपत्र. ‘कम ऑन ओव्हर’ जगभरात चार कोटींच्या आसपास खपला. ‘अप!’ तर तीन रंगांच्या तबकड्यांवर तीन साजांत निघाला. त्यातली निळी तबकडी बर्मिंगहॅमच्या दुग्गल बंधूंनी भारतीय ढंगाच्या ठेक्यांनी सजवली होती. १९९९ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मान मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली बिगर-अमेरिकी. एक बोच मात्र तेव्हापासूनची: हे सगळं लँगच्या स्टुडिओतल्या करामतीचं फळ, बाईला प्रत्यक्षात गाता येतं की नाही कोण जाणे. दुसऱ्या अल्बमनंतर तिने दौरा केला नव्हता, त्यामुळे या कुजबुजीला जोर आला. १९९८ मध्ये सडबरीहून सुरू झालेल्या दौऱ्याने ती थांबवली खरी, पण कायमची नाही.

आता मूळ मुद्दा. ‘अप!’च्या सुमारास घोड्यावरून रपेट मारताना तिला गोचीड चावली. त्यातून लाइम हा आजार झाला. गोचिडीच्या लाळेतून शरीरात शिरणारा जंतू वेळेत औषध मिळालं नाही तर सांधे, हृदय आणि नसांपर्यंत पोचतो. तिला स्टेजवर चक्कर यायची, क्षणभर भान हरपायचं, आणि खाली पडू या भीतीने ती स्टेजच्या कडेपासून लांब राहायची. आजार औषधांनी आटोक्यात आला, पण स्वरतंतूंकडे जाणाऱ्या नसांना दुखापत करून गेला. स्वरतंतू स्वतः धडधाकट असतात. त्यांना हलवणारा निरोपच नीट पोचत नाही. दोन्ही तंतू एकमेकांना टेकत नाहीत, मधून हवा निसटते, आणि सूर लावायला गेलं की नुसतं फसफसतं किंवा चिरकतं. आवाजाच्या अशा बिघाडाला डिस्फोनिया म्हणतात. आरशात घसा दाखवून बऱ्याचदा काही सापडत नाही, हे त्याचं सगळ्यात छळणारं लक्षण.

म्हणून तर वर्षानुवर्षं कुणाला नेमकं कळेना. २००४ नंतर ती हळूहळू दिसेनाशी झाली. स्वित्झर्लंडमध्ये घर, लहान मुलगा, विश्रांती, अशी कारणं बाहेर सांगायला पुरेशी होती. आणि त्यावर २००८ चा मे महिना आला. नवऱ्याचं तिच्या घरकारभारात मदत करणाऱ्या जिवलग मैत्रिणीशी प्रकरण असल्याचं उघड झालं. २०१० मध्ये घटस्फोट. त्याच मैत्रिणीच्या पूर्वीच्या नवऱ्याशी तिने १ जानेवारी २०११ रोजी लग्न केलं, आणि जगभरच्या गॉसिपवाल्यांना हा फेरबदल आयताच सापडला.

२०११ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं आणि ओप्रा विन्फ्रीच्या वाहिनीवर एक मालिका केली. बालपणीची मारहाण, उपासमार, आईवडिलांचा मृत्यू, विश्वासघात, सगळं एकदम बाहेर आलं. आवाजाचाही अर्थ त्याच ओघात लावला गेला: इतकी वर्षं दाबून ठेवलेलं दुःख गळ्यात अडकलं. तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं, आणि ते खोटं बोलणं नव्हे. मनावरच्या ताणाने आवाज खरंच बिघडतो. पण नसांची दुखापत आणि तिचं मूळ त्या गोचिडीत, हा उलगडा नंतर होत गेला. तोवर ‘हृदयभंगाने मुकी झालेली गायिका’ ही प्रतिमा लोकांच्या मनात घट्ट बसली होती. नंतरच्या मुलाखतींत तिने लाइमचं नाव कितीदा घेतलं तरी मथळ्यात नवराच येतो. एखाद्या पुरुष गायकाला गोचीड चावली असती तर बातमी गोचिडीचीच झाली असती, असं मला राहून राहून वाटतं.

कारणाचा घोळ नुसता चर्चेपुरता नसतो. दुःख हे कारण धरलं की उपाय म्हणजे रडणं, बोलणं, माफ करणं. नस हे कारण धरलं की व्यायाम, उपचार आणि शेवटी चाकू. तिने दोन्ही केलं. १ डिसेंबर २०१२ पासून लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये दोन वर्षं कार्यक्रम केले, ते गळा तापवण्याच्या लांबलचक सरावावर. २०१५ मध्ये दौरा केला आणि तो शेवटचा असेल असं जाहीर करून टाकलं. २०१७ मध्ये ‘नाऊ’ आला, पंधरा वर्षांनी आलेला नवा अल्बम. सगळी गाणी एकटीने लिहिलेली, लँगशिवायची. अमेरिकेच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. समीक्षक फारसे खूश नव्हते, आवाज बसका वाटतो म्हणाले. बसका होताच. पण वीस वर्षांपूर्वीची ‘हे सगळं नवऱ्याचं’ ही कुजबुज इथे संपली, आणि माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा अल्बम हाच. सर्वात चांगला नव्हे.

२०१८ मध्ये ती शस्त्रक्रियेला तयार झाली. नेहमी तोंडातून दुर्बीण घालून करतात ती नव्हे, गळा बाहेरून उघडून करायची, आणि तीही दोनदा. या प्रकारात कंठाच्या कूर्चेला बारीक खिडकी पाडतात आणि तिच्यातून आधाराचा छोटा तुकडा आत सरकवून ढिल्या तंतूला मध्यावर ढकलतात. रेनकोटांमुळे माहीत असलेलं गोर-टेक्ससुद्धा या कामात वापरलं जातं. पुष्कळदा रुग्णाला पुरती भूल देत नाहीत. तो टेबलावर पडल्या पडल्या ‘आऽ’ म्हणतो आणि आवाज ऐकून शल्यचिकित्सक तुकडा मागेपुढे करतो. गाणाऱ्या माणसाने त्या टेबलावर झोपायचं म्हणजे काय, याची कल्पना कुठल्याही रियाजी माणसाला येईल. पुन्हा गाता येईल याची हमी कुणी देत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे न्यूमोनिया झाला आणि तिला हवाई रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातून उठल्यावर श्वासावरच एक गाणं केलं, आणि ते २०२३ च्या ‘क्वीन ऑफ मी’मध्ये आहे. अखेर जिमी रॉजर्सच्या वाटेने तीही गेली म्हणायची, फक्त हे गाणं कण्हत नाही, उड्या मारतं. जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मैदानात ती जुनीच गाणी घेऊन उभी राहिली. आवाज आता खर्जाकडे झुकलेला, थोडा खरखरीत. १९९७ चा लखलखीत सूर हवा असणाऱ्यांनी तबकडी लावावी. हा नवा आवाज तिला स्वतःला आवडतो, असं ती सांगते.