भूकंपजन्य दरडी आणि रस्ते वाहतूक

भूकंपाच्या हादऱ्याने डोंगरउतारावरचे खडक व माती सुटून खाली येणे म्हणजे भूकंपजन्य भूस्खलन. सह्याद्रीच्या घाटांत दरड कोसळते ती बहुधा पावसाने आणि एखाद-दुसऱ्या वळणावर. भूकंपात मात्र मिनिटभरात शेकडो ठिकाणी कडे सुटतात. रस्ता तुकड्यातुकड्यांत तुटतो आणि मधली गावे दोन्हीकडून कोंडली जातात.

डोंगरी रस्ता मुळातच धोक्याच्या जागी असतो. तो नदीच्या घळीतून, उताराचा पायथा कापून नेलेला असतो. वरच्या मातीचा आधार तिथेच गेलेला असतो. त्यातच कड्यांच्या माथ्यावर हादरे अधिक जोराचे बसतात, त्यामुळे दगड बऱ्याच उंचीवरून येतात.

काठमांडूहून तिबेट सीमेवरील कोदारीला जाणारा अरनिको महामार्ग १९६० च्या दशकात चीनच्या मदतीने बांधला गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंधुपालचोकमधील जुरे येथे पावसाळी दरडीने तो गाडला होताच. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप त्यानंतरचा. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेच्या दुसऱ्या धक्क्याने त्याच पट्ट्यात नव्या दरडी आणल्या. कोदारीजवळचा तातोपानी सीमानाका बंद पडला तो थेट मे २०१९ मध्ये उघडला. दरम्यान चीनशी होणारा खुष्कीचा व्यापार रसुवागढी या दुसऱ्या सीमानाक्याकडे वळला. दुर्गम गावांना धान्य व छपराचे पत्रे पोचवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने भारवाहक आणि खेचरे कामाला लावली; हेलिकॉप्टर वेळेला उपयोगी पडते, पण गावभर घरे उभारण्याइतका माल त्यातून नेणे परवडत नाही.

दरड उपसणे हे दिसते तितके सरळ काम नाही. खालचा ढीग यंत्राने ओढला की वरचा पुन्हा घसरतो, म्हणून आधी वरचा उतार मोकळा करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये १४ नोव्हेंबर २०१६ च्या कायकोरा भूकंपानंतर हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादल्यांतून उतारावर पाणी ओतून सैल माती मुद्दाम खाली पाडली; दोराने लटकलेले कामगार पहारीने एकेक दगड सोडवत होते. साधने मुबलक असूनही किनाऱ्यालगतचा राष्ट्रीय मार्ग १५ डिसेंबर २०१७ रोजीच खुला झाला, तोही सुरुवातीला फक्त दिवसा. वर्षभर अवजड वाहने लुईस खिंडीच्या लांबच्या वाटेने गेली.

रस्ता खुला झाला म्हणजे संकट टळले, ही समजूत चुकीची आहे. हादऱ्याने उतारांना भेगा पडलेल्या असतात आणि पुढची कित्येक वर्षे पावसाचे पाणी त्यांत मुरत राहते. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ च्या वेन्चुआन भूकंपाने सुटलेला राडारोडा ऑगस्ट २०१० च्या पावसात यिंगश्यूजवळ वाहून आला. पुढे तिथला नवा द्रुतगती मार्ग बराचसा बोगदे आणि पुलांवरून काढला; पण बोगद्यांची तोंडे ओढ्यांलगतच उघडतात, आणि जुलै २०१३ मध्ये चिखल-दगडांच्या लोंढ्यांनी तोही अडवला.