स्टॉल स्पीड नेमका कोणाचा? इंजिनाचा की टॉर्क कन्व्हर्टरचा?

ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक घट्ट दाबून, गिअर ड्राइव्हमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनाचे फेरे वाढत जाऊन एका आकड्यापाशी थांबतात. चाके हलत नाहीत, तरीही इंजिन बंद पडत नाही. हा आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. प्रवासी गाड्यांत तो साधारणपणे मिनिटाला १८०० ते २५०० फेऱ्यांच्या आसपास असतो.

हे शक्य होते ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमुळे. इंजिनाला जोडलेला इम्पेलर (पात्यांचे चाक) तेल बाहेरच्या बाजूस फेकतो, ते तेल समोरच्या, गिअरबॉक्सला जोडलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि परतताना मधला स्टेटर त्याची दिशा इम्पेलरला अनुकूल अशी वळवतो. म्हणूनच टर्बाइन थांबलेला असताना त्यावर इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येतो.

स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरचा अंगभूत गुण आहे, हा समज मात्र दूर व्हायला हवा. इम्पेलर फिरवण्यासाठी लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ही मागणी जिथे इंजिनाच्या क्षमतेशी बरोबरीला येते, तिथेच फेरे अडतात. त्यामुळे एका इंजिनामागे २००० फेऱ्यांवर अडणारा कन्व्हर्टर ४४ टक्के अधिक टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे २४०० पर्यंत जातो. कन्व्हर्टरच्या व्यासाचा परिणाम तर याहून तीव्र आहे, कारण टॉर्कची मागणी व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलते. व्यास १० टक्क्यांनी कमी केला, तर तेवढ्याच टॉर्कला फेरे सुमारे ३० टक्क्यांनी वाढतात.

या अवस्थेत चाकांपर्यंत शक्ती मुळीच पोहोचत नाही. इंजिन २००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर सुमारे ४२ किलोवॅट शक्तीची तेलात उष्णता होते. म्हणून स्टॉल चाचणी, चाकांना अडण लावून, कुशल मेकॅनिकनेच आणि पाच सेकंदांच्या आत आटोपावी. नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे. अनेक नव्या गाड्यांत संगणक फेऱ्यांवर आधीच मर्यादा घालतो, तेव्हा उत्पादकाची सूचना पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर गिअरबॉक्समधील क्लच घसरत असण्याची किंवा तेल कमी असण्याची शंका येते. बराच कमी आला, तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटरचा एकाच दिशेने फिरू देणारा क्लच त्याला धरून ठेवत नाही. हाच क्लच जाम झाला, तर स्टॉल स्पीड अगदी योग्य येतो, पण वेग वाढल्यावर स्टेटर तेलाला अडथळा करतो, गाडी ओढत नाही आणि तेल तापते. हा दोष या चाचणीत सापडत नाही, त्यासाठी गाडी रस्त्यावर चालवूनच पाहावी लागते.